आयबी, एपी की ड्युअल क्रेडिट? शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय

कुंदकळी

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो, मुलगा आठवीत आहे. येत्या शुक्रवारपर्यंत नववीच्या विषयांचा फॉर्म द्यायचाय आणि घरात दोन पक्ष पडलेत.

एक पर्याय म्हणजे घराजवळचं हायस्कूल. चालत बारा मिनिटं. तिथे एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या दर्जाचे विषय भरपूर, शिवाय अकरावीपासून कम्युनिटी कॉलेजचे ड्युअल क्रेडिटचे वर्ग, म्हणजे शाळेत आणि कॉलेजात दोन्हीकडे मोजले जाणारे. दुसरा म्हणजे आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेतलं आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. सहज म्हणून अर्ज केला होता, निवड झाली. नववी-दहावी तयारीची आणि अकरावी-बारावी खरा डिप्लोमा. बस आमच्या कोपऱ्यावर सकाळी ६:२५ ला.

नवरा आयबीवाला. त्याच्या ऑफिसात कोणीतरी ‘आयबी म्हणजे सोनं’ असं सांगितलंय, तेव्हापासून ऐकायलाच तयार नाही. न्यू जर्सीची बहीण म्हणते एपी घे, इथल्या कॉलेजांना तेच कळतं. शेजारीण म्हणते ड्युअल क्रेडिट घ्या, अर्धं कॉलेज फुकटात उरकतं. काउन्सेलरबाई म्हणाल्या, दोन्ही छानच आहेत. हे त्या हसून तीनदा म्हणाल्या.

मी महाराष्ट्र बोर्डाची बारावी केलेली बाई. आमच्या वेळी प्रश्न एकच असायचा, ए ग्रुप की बी ग्रुप.

मुलाबद्दल: गणित आपणहून करतो, बसवावं लागत नाही. लिहायचं म्हटलं की मात्र पेन्सिल चावत बसतो. मागच्या आठवड्यात एका पानाच्या निबंधाला तीन तास लागले, त्यातला दीड तास शीर्षकाचा फॉन्ट ठरवण्यात गेला. पोहण्याच्या टीममध्ये आहे आणि ते सोडणार नाही म्हणतो. पुढे इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर म्हणतोय, तेरा वर्षांच्या मुलाच्या म्हणण्याला जेवढी किंमत द्यायची तेवढी द्या. आम्हाला यूटी ऑस्टिन किंवा टेक्सस ए अँड एम, म्हणजे इथली सरकारी विद्यापीठं परवडतील. खाजगी कॉलेज भरघोस मदत मिळाली तरच.

कोणी दोन्ही बाजू घरात बघितल्यात का? इंटरनेटवरचे तुलनेचे तक्ते नकोत, ते पाठ झालेत.

न्यूजर्सीकर_अप्पा

यात विचारण्यासारखं काय आहे? एपी. आमच्या चिरंजीवांनी ११ एपी दिले, नऊमध्ये ५. जितके जास्त तितकं चांगलं. बहिणीचं ऐका.

दोन पोरांचा बाप

मोठी आयबीतून गेली, धाकटा एपी आणि ड्युअलमधून. डिस्ट्रिक्ट तेच, आईबाप तेच, त्यामुळे प्रयोग बऱ्यापैकी शास्त्रशुद्ध झाला म्हणायचा, फक्त पोरं दोन निघाली. आम्हीही टेक्ससमध्येच, तेव्हा इथलंच बोलतो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, शाळेच्या पत्रकात तिन्हीपुढे ‘कॉलेजच्या दर्जाचे’ असं छापलेलं असतं, पण ती एका जातीची नव्हेत. एपी म्हणजे सुटी भांडी. हवं ते उचला, एक घ्या नाहीतर दहा. कॉलेज बोर्ड नावाची संस्था मे महिन्यात परीक्षा घेते, १ ते ५ मध्ये मार्क देते. शाळेत तो वर्ग न करताही परीक्षेला बसता येतं. आयबी म्हणजे अख्खा डिनर सेट, त्यातले सूपचे बाऊल नको असले तरी घ्यावे लागतात. सहा विषय, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलचे, प्रत्येकी २४० तास, बाकीचे स्टँडर्ड, १५० तासांचे. प्रत्येक विषयाला ७ पैकी, म्हणजे ४२. वर थिअरी ऑफ नॉलेज आणि ४००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, या दोन्हीचे मिळून ३. एकूण ४५, डिप्लोमाला निदान २४ लागतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत सूपचे बाऊल म्हणजे लिखाण. आणि या सेटमध्ये बाऊलच जास्त आहेत. गणितातसुद्धा स्वतःचा विषय निवडून मोठा रिपोर्ट लिहावा लागतो. ड्युअल क्रेडिट म्हणजे वेगळी बाहेरची परीक्षा वगैरे काही नाही, थेट कॉलेजचा वर्ग, कॉलेजची ग्रेड.

आता ‘सोनं’ प्रकरण. अर्जासोबत काउन्सेलर एक फॉर्म भरतात. त्यात विचारलेलं असतं की या शाळेत जे उपलब्ध होतं त्याच्या तुलनेत या मुलाने घेतलेले विषय किती कठीण. सगळ्यात वरच्या चौकटीवर खूण व्हायला पूर्ण आयबीही चालतं आणि दणकट एपीही चालतात. मुलाला त्याच्याच शाळेच्या आरशात बघतात. शिवाय आयबीचा निकाल लागतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि प्रवेशाची पत्रं मार्चअखेरपर्यंत येऊन गेलेली असतात. म्हणजे ज्या ४५ पैकी मार्कांसाठी पोर दोन वर्षं झुरतं, ते प्रवेश देणाऱ्यांनी बघितलेलेच नसतात. एपीचं निदान दहावी-अकरावीच्या परीक्षांचे मार्क अर्जात लिहिता येतात.

टेक्ससमध्ये खरा खेळ रँकचा आहे, आणि काउन्सेलर त्यावर आपणहून बोलत नाहीत. १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो, पण यूटी ऑस्टिनला वेगळी सूट आहे. तिथे बरीच वर्षं ६ टक्के होतं, २०२६ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्टच्या सत्रापासून, ५ टक्के. त्यातही प्रवेश विद्यापीठात, कॉम्प्युटर सायन्समध्ये नव्हे, ती मारामारी वेगळी. अर्जात रँक जाते ती साधारण अकरावी संपतानाची. आणि ती ठरते वेटेड जीपीएवर, म्हणजे कठीण विषयांना जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीवर. आमच्याकडे एपी आणि आयबीला ६ चं वजन, ड्युअलला ५.५, साध्या वर्गांना ५. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये तिन्ही सारखे असतील, किंवा ड्युअलला काहीच नसेल. हा आकडा फॉर्म भरायच्या आधी रजिस्ट्रारकडून लेखी मागवा, ईमेलवर. धाकट्याने दहावीत ऑर्केस्ट्रा घेतला, ५ वाला वर्ग, आणि त्यात शंभर मार्क पडूनही रँक घसरली. आम्हाला हे गणित कळलं तेव्हा तो व्हायोलिन वाजवत होता. वाजवू दिलं. पण आधी माहीत असतं तर निदान डोळे उघडे ठेवून वाजवू दिलं असतं.

क्रेडिटचं सांगतो. २००५ चा एक कायदा आहे: आयबी डिप्लोमा घेऊन आलेल्या मुलाला टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांनी निदान २४ क्रेडिट अवर्स, म्हणजे डिग्रीत मोजले जाणारे तास, द्यायचे. माझ्या बायकोने हे वाचलं आणि लगेच फीचा हिशोब मांडला, जवळजवळ एक वर्ष वाचलं म्हणून. त्या कायद्याचं पुढचं वाक्य आम्ही वाचलं नाही. एकाही परीक्षेत ४ च्या खाली मार्क असेल तर विद्यापीठ २४ पेक्षा कमी देऊ शकतं. लेकीला एकूण ३३. झकास. त्यात फिजिक्स हायर लेव्हलला ३. विद्यापीठाने विषयवार तक्ता लावला, १५ अवर्स हातात आले, त्यातले ६ स्पॅनिशचे, जे तिच्या डिग्रीत कुठेच बसले नाहीत. त्या दिवशी ती लॅपटॉप बंद करून सरळ कुत्र्याला फिरवायला गेली. दोन तास कुत्रं आणि ती, दोघं बाहेर.

धाकट्याचंही सगळं सुरळीत नव्हतं. त्याने अकरावीत एपी फिजिक्स १ घेतलं. ते बीजगणितावरचं आहे, कॅल्क्युलस नाही, इंजिनिअरिंगला ते क्रेडिट बहुतेक ठिकाणी कामाचं नाही. तिथे कॅल्क्युलसवरचं एपी फिजिक्स सी लागतं. हे आम्हाला परीक्षेनंतर कळलं, फी भरून झाल्यावर. (फी एका परीक्षेला साधारण १०० डॉलर. नोंदणी करून बसला नाहीत तर ४० डॉलर दंड.) उलट एपी कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ मिळाले आणि कॉलेजचे पहिले दोन कॅल्क्युलस माफ झाले. मग साहेब पहिल्याच सेमिस्टरला थेट तिसऱ्या कॅल्क्युलसला जाऊन बसले आणि सी ग्रेड घेऊन बाहेर आले. क्रेडिट मिळालं म्हणजे वापरायलाच हवं असं नसतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. म्हणजे मी सांगितलं होतं, पण बापाचं कोण ऐकतं.

ड्युअलमध्ये आमचे पैसे खरे वाचले. इंग्लिश १३०१-१३०२, अमेरिकेचा इतिहास, गव्हर्नमेंट. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठात कुठलीही डिग्री घ्या, इतिहासाचे ६ आणि गव्हर्नमेंटचे ६ अवर्स करावेच लागतात, आणि त्यात टेक्ससची राज्यघटना येते. एपी गव्हर्नमेंटमध्ये ती नसते, त्यामुळे तेवढं वेगळं करावं लागतं. कम्युनिटी कॉलेजच्या गव्हर्नमेंट २३०६ या वर्गात तेच शिकवतात. राज्यभर वर्गांचे नंबर एकच असल्याने हे वर्ग जसेच्या तसे सरकले. राज्याबाहेर किंवा खाजगीत मात्र भरवसा नाही. वर्ग हायस्कूलच्या इमारतीत झाला किंवा हायस्कूल पास व्हायला मोजला गेला, की बऱ्याच खाजगी कॉलेजांना तो चालत नाही.

अप्पा, ११ एपी म्हणजे कौतुकच आहे, पण डार्टमथसारखं नावाजलेलं खाजगी कॉलेज एपीचं एकही क्रेडिट देत नाही, फार तर वरच्या वर्गात बसवतं. ब्राऊन विद्यापीठातही एपी डिग्रीच्या हिशोबात धरत नाहीत. संख्या कुठे कामाला येणार ते आधी बघायला नको का?

तर मग आयबीत काय मिळालं? लिहिता आलं. पहिल्या वर्षी रूममेट दहा पानांच्या पेपरवरून रडत असताना आमची लेक रविवारी संध्याकाळपर्यंत काम संपवून जेवायला जायची. पण तिला मुळातच वाचायचं वेड. शाम्पूच्या बाटलीवरचंही वाचायची. कुंदकळीताई, तुमचा मुलगा फॉन्ट निवडतोय.

स्पष्टवक्ती

वरचं सगळं बरोबर, फक्त ड्युअलचं गोडगोड झालंय म्हणून लिहिते.

ती ग्रेड कायमची असते. माझ्या मुलीने अकरावीच्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात बायोलॉजी घेतलं, वय सोळा. पाच आठवड्यांत अख्खं सेमिस्टर कोंबलेलं. लॅब रिपोर्ट उशिरा दिले, सी आला. आम्ही म्हटलं जाऊ दे, शाळेत कोण बघतंय. पाच वर्षांनी मेडिकलचा अर्ज भरायला बसली. मेडिकल कॉलेजांचे अर्ज जिच्यातून जातात त्या एएमसीएएस या सेवेला आजवर जिथे जिथे कॉलेजचा वर्ग केला तिथलं प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट लागतं, आणि हायस्कूलमध्ये असताना केलेला वर्गही जीपीएत मोजतात. सोळाव्या वर्षीचा सी एकविसाव्या वर्षी सायन्स जीपीएत येऊन बसला. एपीत २ पडले असते तर कोणाला सांगायचीसुद्धा गरज नव्हती.

आणखी एक. शाळेत काही बिनसलं तर आपण टीचरला ईमेल करतो. कॉलेजचा प्रोफेसर आईबापाशी बोलत नाही. मी केला होता ईमेल. उत्तर आलं एका ओळीचं, ‘विद्यार्थिनीने स्वतः संपर्क साधावा.’ वर्ग सोडायची शेवटची तारीखही कॉलेजची असते, शाळेची नाही. आम्ही शाळेचं कॅलेंडर बघत बसलो होतो.

ड्युअल घ्यायचंच असेल तर शाळेत यूटी ऑस्टिनचा ऑनरॅम्प्स हा कार्यक्रम आहे का विचारा. त्यात हायस्कूलची ग्रेड वेगळी आणि कॉलेजची वेगळी, आणि कॉलेजची ग्रेड बघून क्रेडिट घ्यायचं की नाकारायचं ते मूल ठरवतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर!

अमेरिकन_पिल्लू

हाय. मी कॉलेजच्या सेकंड इयरला आहे, आयबी केलंय, टेक्ससमध्येच. मराठी बोलते, लिहीत नाही, आई मागे उभी राहून शुद्धलेखन बघतेय.

माझा एक्स्टेंडेड एसे केमिस्ट्रीत होता. लिंबाचा रस फ्रीजमध्ये, बाहेर आणि गरम करून ठेवला तर व्हिटॅमिन सी किती उरतं. ब्युरेटमधून डीसीपीआयपी नावाचा निळा रंग रसात थेंब थेंब सोडायचा, तो जात राहतो, आणि ज्या थेंबाला हलका गुलाबी टिकतो तिथे थांबायचं. एक थेंब जास्त पडला की ते रीडिंग गेलं. ३६ रीडिंग्ज. माझी १४ गेली. शाळेनंतर साडेपाचपर्यंत लॅबमध्ये, जॅनिटर काका दिवे बंद करायला यायचे आणि मी ओरडायचे, थांबा, गुलाबी होतंय! मला ते खूप आवडलं. माझ्या बेस्ट फ्रेंडला तोच एसे म्हणजे टॉर्चर होता, तिने डिसेंबरच्या सुट्टीत चार दिवसांत लिहिला.

काकू, पोहण्याबद्दल. आयबीत सीएएस असतं, क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस. पोहणं त्यात चालतं. पण पोहून आलं की पोहण्याबद्दल रिफ्लेक्शन लिहायचं असतं. म्हणजे त्याला पाण्यातून बाहेर आल्यावरपण लिहावं लागेल. 😬

आमच्या वर्गातले अर्धे जण मे महिन्यात आयबी आणि एपी दोन्ही परीक्षा देत होते, क्रेडिटसाठी. मीपण कॅल्क्युलसची दिली. एकाच आठवड्यात दोन्हीकडची केमिस्ट्री देऊ नका, एवढंच सांगते.

आणि काही शाळांमध्ये फुल डिप्लोमा न करता आयबीचे एक-दोन विषय घेता येतात. आमच्याकडे अकरावीच्या मध्यात बरेच जण डिप्लोमा सोडून तसे राहिले. ते तुमच्या शाळेत चालतं का विचारा, कारण नाही चालत तर घराजवळच्या शाळेत परत जावं लागतं आणि तोपर्यंत तिथल्या एपीच्या सीट्स भरलेल्या असतात.

न्यूजर्सीकर_अप्पा

डार्टमथचं मुलाला विचारलं. खरं आहे म्हणाला. त्याच्या कॉलेजने ११ पैकी ६ धरले, हेही आजच कळलं. आमच्याकडे रँकचा कायदा नाही, त्यामुळे टेक्ससचं मला काय माहीत. पण बहिणीचं तरीही ऐका.

कुंदकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. आयबीवाल्या मुलांच्या वेळापत्रकात एक दिवस पाहुणा म्हणून बसता येतं, ते बुधवारी केलं. परत येताना गाडीत विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, ‘तिथे सगळे खूप बोलतात.’ चांगलं की वाईट? ‘खूप.’ मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, एका बारावीच्या मुलाला त्याने विचारलं होतं की तू पोहतोस का. तो म्हणाला, पोहायचो.

रजिस्ट्रारचं उत्तर आलं. आमच्याकडे एपी, आयबी आणि ऑनरॅम्प्सला वजन सारखं, कम्युनिटी कॉलेजच्या ड्युअलला त्याहून कमी. पोहण्याच्या तासाला पास-नापास घेता येतं, मग तो रँकमध्ये धरत नाहीत. हे फक्त लेखी विचारलं म्हणून कळलं, काउन्सेलरबाई परत ‘दोन्ही छानच’ म्हणाल्या. फिजिक्स सी घराजवळच्या शाळेत आहे, पण दर दोन वर्षांनी एकदाच, पुरेशी मुलं आली तर. ते दहावीत परत बघेन, आत्तापासून झोप घालवत नाही.

तर जवळच्या शाळेचा फॉर्म काल रात्री दिला. नववीला फक्त एपी ह्यूमन जिऑग्राफी, बाकी ऑनर्स, म्हणजे साध्यापेक्षा जरा कठीण वर्ग. ड्युअल अकरावीत, तेही इतिहास-गव्हर्नमेंटपुरतं. सायन्स नाही. स्पष्टवक्तीताई, ते तुमच्यामुळे.

आयबीची जागा सोडत असल्याचं पत्र नवऱ्याने पाठवायचं ठरलंय. कालपासून ड्राफ्टमध्येच आहे. मघाशी डोकावले तर फॉन्ट बदलत होता.